घरातले कागद काय सांगतात?
ठगी खात्याच्या एका अधिकाऱ्याची पत्रे व रोजनिशी





इतिहासाच्या पुस्तकात लढाया, तह आणि सनावळ्या असतात. परीक्षेसाठी त्या पाठ कराव्या लागतात, हे खरेच. परंतु या सनावळ्या कोठून आल्या, त्या कोणी लिहून ठेवल्या आणि लिहिणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय चालले होते, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. या अंकात त्याचीच थोडी चर्चा करण्याचा आमचा विचार आहे. उदाहरण म्हणून आम्ही इंग्रजी अमदानीतील एक अधिकारी निवडला आहे. त्याचा आपल्या मध्य प्रदेशाशी निकटचा संबंध आहे आणि आपल्या ग्वाल्हेरशी तर आहेच.

त्याचे नाव विल्यम हेन्री स्लीमन. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून तो ओळखला जातो. जबलपूर-कटनी रेल्वेमार्गावरील स्लीमनाबाद हे गाव त्याच्याच नावाचे.

कोण होता स्लीमन?

इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात १७८८ साली त्याचा जन्म झाला. १८०९ साली तो कंपनी सरकारच्या बंगाल सैन्यात भरती होऊन हिंदुस्थानात आला. नेपाळच्या युद्धात लढला. १८२० नंतर त्याची नेमणूक सागर-नर्मदा प्रदेशात मुलकी कामावर झाली. प्रथम नरसिंहपूर, मग जबलपूर. पुढे ठगांचा शोध घेण्याचे काम त्याच्याकडे आले आणि १८३५ साली तो या मोहिमेचा मुख्य अधीक्षक झाला. पदवी लष्करातील असली तरी काम पाहिले तर आजच्या भाषेत त्याला पोलीस अधिकारीच म्हणावे लागेल. त्याने उभे केलेले ठगी व डकैती खाते त्याच्या मृत्यूनंतरही चालू राहिले आणि १९०४ साली ते बंद होऊन त्याच्या जागी केंद्रीय गुप्तवार्ता खाते आले.

ठग म्हणजे वाटमारे. ते व्यापारी किंवा यात्रेकरू बनून प्रवाशांच्या तांड्यात मिसळत, दोनचार मुक्काम त्यांच्याबरोबर करून विश्वास मिळवत आणि आडजागी रुमालाने गळा आवळून त्यांना ठार मारत. स्लीमनने पकडलेल्या ठगांपैकी काहींना माफीचे साक्षीदार केले, त्यांच्याकडून टोळ्यांच्या वंशावळ्या लिहून घेतल्या आणि त्यांच्या सांकेतिक बोलीचा कोशही तयार केला. हा कोश १८३६ साली कलकत्त्याला छापला गेला. गुन्हेगारांची अशी पद्धतशीर नोंद ठेवण्याची ही आपल्याकडील आरंभीची उदाहरणे होत.

हे झाले सरकारी काम. त्याचे अहवाल सरकारी दप्तरात आहेत. पण स्लीमन घरीही लिहीत असे, आणि आमचा विषय तो आहे.

बहिणीसाठी लिहिलेले पुस्तक

सतत आजारी पडू लागल्यामुळे १८३५च्या हिवाळ्यात स्लीमन हवापालटासाठी जबलपूरहून निघाला. सागर, झांशी, दतिया, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली असा प्रवास करीत तो हिमालयाच्या दिशेने गेला. पत्नी अमेली बरोबर होती. ती मूळच्या फ्रेंच घराण्यातील. त्यांचा विवाह १८२९ साली जबलपूरला झाला होता.

या प्रवासात त्याने जे पाहिले व ऐकले ते त्याने इंग्लंडमधील आपल्या बहिणीला उद्देशून लिहिले. परदेशी राहणाऱ्या माणसाला घरून, विशेषतः बहिणींकडून, येणाऱ्या पत्रांचे किती अप्रूप असते, हे त्याने आरंभीच सांगितले आहे. नोकरीच्या धबडग्यात आपल्याकडून पत्रांची उत्तरे गेली नाहीत, त्याची भरपाई म्हणून हे लिखाण, असा त्याचा सूर आहे. १८४४ साली ते लंडनला दोन खंडांत प्रसिद्ध झाले. इंग्रजीत 'रॅम्बल्स अँड रिकलेक्शन्स' या नावाने ते आजही वाचले जाते.

बहिणीला लिहिताना माणूस साहेबाला लिहिताना लिहीत नाही अशा गोष्टी लिहितो. नर्मदेच्या जत्रा, शेतकऱ्यांच्या गप्पा, लोकांच्या समजुती, आमराया लावणाऱ्यांची कौतुके असे सर्व त्यात आले आहे. जबलपूर जिल्ह्यात लोकांनी स्वतःच्या पैशाने किती लोकोपयोगी कामे केली याची मोजदादच त्याने दिली आहे. तिच्यात २,२८८ तलाव, २०९ बावड्या आणि १,५६० पक्क्या विहिरी आहेत. ज्या देशातील लोक इतके पाणी दुसऱ्यांसाठी बांधून ठेवतात त्यांना केवळ अडाणी कसे म्हणावे, असा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहतो.

ताजमहाल पाहिल्यावर त्याने पत्नीला तिचे मत विचारले. अशा इमारतीची पारख कशी करावी हे मला कळत नाही, पण माझ्यावर अशी इमारत कोणी बांधणार असेल तर मी उद्याच मरायला तयार आहे, असे तिने उत्तर दिल्याचे तो लिहितो. पुढे प्रवासवर्णने लिहिणाऱ्या अनेकांनी ही हकिगत उचलली. अमेलीबाईंची ओळख जगाला राहिली ती मुख्यतः नवऱ्याने टिपून ठेवलेल्या या एका उत्तरामुळे.

कचेरीपासून चारशे यार्डांवर

खासगी लिखाणाचा दुसरा गुण म्हणजे त्यात माणूस स्वतःची फजितीही सांगतो. १८२२ ते १८२४ या काळात स्लीमन नरसिंहपूर जिल्ह्याचा मुख्य होता. आपल्या जिल्ह्यात घडणारी लहानसहान चोरीही आपल्याला कळते, असा त्याचा समज होता. पुढे साक्षीदारांच्या जबान्यांतून उघड झाले की त्याच्या कचेरीपासून अवघ्या चारशे यार्डांवरील कंदेली गावात ठगांची एक टोळी राहत होती, आणि सागरच्या वाटेवर, त्याच जिल्ह्यात, मंडेसरच्या आमराईत कित्येक प्रवासी पुरलेले होते. त्या वेळी हे मला कोणी सांगितले असते तर मी त्याला वेडा ठरवले असते, अशा अर्थाची कबुली त्याने दिली आहे.

विद्यार्थ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. अधिकाऱ्याच्या नाकासमोर काय चालले आहे ते अधिकाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही. म्हणून केवळ सरकारी कागद वाचून त्या काळातील गावाचे चित्र पुरे होत नाही.

नर्मदेच्या खडकावरील वृद्धा

याच पुस्तकात एक प्रसंग आहे. तो वाचताना मन अस्वस्थ होते. सतीबंदीचा कायदा होण्यापूर्वीच, मार्च १८२८ मध्ये, स्लीमनने आपल्या जबलपूर जिल्ह्यात सती जाण्यास स्वतःच्या हुकुमाने बंदी केली होती. २४ नोव्हेंबर १८२९ रोजी एका प्रतिष्ठित ब्राह्मण कुटुंबातील वृद्ध गृहस्थ वारले. त्यांच्या साठी उलटलेल्या पत्नीला सती जाण्याची परवानगी मिळावी, असा अर्ज कुटुंबाने केला. स्लीमनने नकार दिला. अंत्यसंस्कार झाले; पण ती बाई नर्मदेच्या पात्रातील खडकावर अन्नपाणी वर्ज्य करून बसून राहिली. तिने बांगड्या फोडल्या होत्या, डोक्याला लाल वस्त्र बांधले होते. असे केल्यावर जातीत परत येण्याची वाट बंद होते, असा समज होता. चार दिवस लोटले. स्लीमन स्वतः घोड्यावरून दहा मैल गेला, तिच्याशी बोलला, समजूत घालून पाहिली. ती ऐकेना. अखेर, या कुटुंबात पुन्हा कोणी असे करणार नाही अशी हमी घेऊन, त्याने परवानगी दिली.

त्यानंतर आठवडाभरातच, ४ डिसेंबर १८२९ रोजी, गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी सतीबंदीचा कायदा केला.

सरकारी नोंदीत हा प्रसंग दोन ओळींत आटोपला असता. बहिणीला लिहिताना मात्र त्याने पाचही दिवसांची हकिगत, स्वतःची घालमेल आणि त्या बाईचे बोलणे लिहिले. तिच्या निर्धाराने तो भारावला होता हे उघड आहे. आपण भारावून जाण्याचे कारण नाही. तिच्यासमोर विधवा म्हणून कोणते जिणे उभे होते, घरच्यांनी तिला पूर्वी काय काय सांगितले होते, चार दिवसांच्या उपवासानंतर माणसाच्या मनाची काय अवस्था होते, हे प्रश्न आपण विचारले पाहिजेत. आणि सर्वात मोठा प्रश्न असा की, तिचे म्हणणे आपल्याला कळते ते एका इंग्रज अधिकाऱ्याच्या लेखणीतून. तिने स्वतः लिहिलेला एक शब्दही आपल्याकडे नाही. त्या घरातील सुना-मुलींना काय वाटले तेही कोणी लिहिले नाही.

रोजनिशी एक सांगते, पत्रे दुसरे

१८४३ साली स्लीमन ग्वाल्हेरला रेसिडेंट म्हणून आला. त्याच वर्षी २९ डिसेंबरला महाराजपूर व पनिहार येथे शिंद्यांच्या सैन्याचा पराभव झाला होता. महाराज जयाजीराव त्या वेळी लहान होते. स्लीमन १८४९ पर्यंत येथे होता. त्याने बहिणीसाठी लिहिलेल्या पुस्तकात ग्वाल्हेरच्या कारभारावर बरीच टीका आहे. ती वाचताना, लिहिणारा मनुष्य ज्या सत्तेचा नोकर होता ती सत्ता थोड्याच वर्षांत ग्वाल्हेरवर चालून आली, हे विसरून चालणार नाही.

ग्वाल्हेरहून तो लखनौला रेसिडेंट झाला. डिसेंबर १८४९ पासून सुमारे तीन महिने त्याने अवधचा दौरा केला आणि रोजनिशी लिहिली. जमीनदारांचे जुलूम, उजाड गावे, रयतेच्या तक्रारी असे सगळे तिच्यात आहे. १८५२ साली लखनौच्या रेसिडेन्सीतील एका लहान घरगुती छापयंत्रावर तिच्या मोजक्याच प्रती काढण्यात आल्या. ही रोजनिशी सरकारला सादर करण्यासाठी होती आणि सरकारच्या परवानगीशिवाय ती प्रसिद्ध करता येत नव्हती.

अवधमध्ये अंदाधुंदी आहे, म्हणून ते राज्य खालसा करावे, असे म्हणणाऱ्यांना या माहितीचा आयताच उपयोग झाला. ७ फेब्रुवारी १८५६ रोजी अवध खालसा झाले. नवाब वाजिद अली शाह यांना कलकत्त्याला जावे लागले.

पण स्लीमनचे स्वतःचे मत काय होते? ते त्याच्या खासगी पत्रांत सापडते. कारभार सुधारावा, गरज पडली तर तो कंपनीने हाती घ्यावा, परंतु राज्य गिळू नये; तेथील वसूल तेथील लोकांवर व राजघराण्यावरच खर्च व्हावा, कंपनीने त्यातला पैसा उचलू नये, असे त्याने वारंवार लिहिले. बंगाल सैन्यातील पुष्कळ शिपाई अवधचेच होते. राज्य खालसा केले तर त्याचा परिणाम त्यांच्यावर होईल, असा इशाराही त्याने दिला होता.

तो इशारा कोणी ऐकला नाही. प्रकृती ढासळल्याने स्लीमन इंग्लंडला परत निघाला आणि १० फेब्रुवारी १८५६ रोजी, अवध खालसा झाल्यानंतर तिसऱ्याच दिवशी, सिंहलद्वीपाजवळ जहाजावर वारला. त्याची रोजनिशी आणि ही खासगी पत्रे एकत्र छापली गेली ती १८५८ साली. तोवर १८५७ होऊन गेले होते.

आम्हाला या सर्व प्रकरणात सर्वात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. माणूस एकच, विषय एकच. पण एक कागद वरिष्ठांसाठी, दुसरा आपल्या माणसांसाठी. केवळ रोजनिशी उरली असती तर स्लीमन हा अवध गिळणाऱ्यांचा वकील ठरला असता. पत्रे राहिली म्हणून त्याचे दुसरे म्हणणे आपल्याला कळले.

नातवाचे पुस्तक

खासगी कागद आहे म्हणून तो खराच असतो, असेही समजू नये. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्लीमनच्या एका नातवाने आजोबांच्या कामगिरीवर पुस्तक लिहिले. ठगांनी दहा लाख खून केले, असे त्याच्या नावातच सुचवलेले आहे. पुढच्या संशोधकांनी इतका मोठा आकडा मानलेला नाही. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर किती विश्वास ठेवावा, ज्यांना ठग म्हणून पकडले ते सगळे खरोखर ठग होते काय, आणि दुष्काळ व बेकारीमुळे वाटमारीला लागलेली साधी माणसे त्यांत किती होती, हे प्रश्न राधिका सिंघा आणि किम वॅगनर यांच्यासारख्या इतिहासकारांनी उपस्थित केले आहेत. आजोबांचा अभिमान असणे स्वाभाविक आहे. पण अभिमानाने लिहिलेला इतिहास तपासून घ्यावा लागतो.

म्हणून कोणतेही जुने पत्र किंवा रोजनिशी हाती आली तर विद्यार्थ्यांनी चार प्रश्न विचारावेत. हे कोणी लिहिले? कोणासाठी लिहिले? घटना घडली तेव्हाच लिहिले की वर्षांनंतर आठवून? आणि या कागदात कोणाचा आवाज नाही? चौथा प्रश्न सर्वात अवघड आहे, पण त्याच्याशिवाय पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे अपुरी राहतात.

आपल्या लोकांनी काय लिहिले?

स्लीमनसारख्या अनेक इंग्रज कुटुंबांची पत्रे, रोजनिश्या, अगदी घरखर्चाच्या वह्यासुद्धा आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणि केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्रात जपून ठेवल्या आहेत. त्या देशात परतलेल्या अधिकाऱ्यांच्या मुलांनी व नातवंडांनी माळ्यावरच्या पेट्या उघडून ते कागद दिले. त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जबलपूरच्या किंवा सागरच्या बंगल्यात साहेबाच्या घरी काय चालत होते ते आज वाचता येते. त्याच गावातील आपल्या घरांत काय चालत होते ते मात्र सांगता येत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

अपवाद आहेत. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली मथुरेला बायजाबाई शिंदे यांचा यज्ञ होणार असे ऐकून दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झांशीच्या वेढ्याच्या वेळी ते शहरातच होते. ज्या झांशीतून स्लीमन बावीस वर्षांपूर्वी साहेबाच्या इतमामाने गेला होता, त्याच झांशीत एक गरीब मराठी भिक्षुक जीव मुठीत धरून बसला होता. पुढे त्यांनी आठवणी लिहून काढल्या. त्या चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली 'माझा प्रवास' म्हणून प्रसिद्ध केल्या. हे एक पुस्तक नसते तर झांशीच्या त्या दिवसांचे मराठी माणसाने डोळ्यांनी पाहिलेले वर्णन आपल्याकडे कोठून आले असते?

इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून घराघरांतील जुनी दप्तरे गोळा केली आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचा पहिला खंड काढला. ज्या घरांनी दप्तर वाण्याला पुड्या बांधायला दिले, त्या घरांचा इतिहास पुड्यांबरोबर गेला.

आमची विनंती

आपल्या लष्करातील जुने वाडे आता एकामागून एक पाडले जात आहेत. वाडा पाडताना लाकूड विकले जाते, पितळेची भांडी वाटून घेतली जातात आणि कागद रद्दीत जातात. मोडी वाचता येत नाही, म्हणून तो कागद निरुपयोगी समजला जातो. त्या रद्दीत कोणाच्या आजोबांनी पोलिसात किंवा पलटणीत असताना घरी लिहिलेली पत्रे असतील, कोणाच्या पणजीने ठेवलेला दूध-धान्याचा हिशेब असेल, माहेराहून आलेले एखादे कार्ड असेल. पणजीच्या हिशेबाचे मोल आजोबांच्या पत्रांपेक्षा कमी समजू नये. स्त्रियांच्या हातचे कागद आधीच फार थोडे आहेत.

तेव्हा पालकांना आमचे सांगणे असे आहे. जुने कागद सापडल्यास ते कोरड्या जागी, स्वच्छ सुती कापडात बांधून ठेवावेत. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, टाचणी लावू नये, प्लास्टिकमध्ये कायमचे बंद करू नये. कोणाचे पत्र, कोणाला, केव्हाचे, एवढे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून जोडावे. मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवावीत. घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावे व ते जे सांगतील ते लिहून घ्यावे. नावे आणि नाती सांगणारे उद्या असतीलच असे नाही. ज्या गोष्टी हयात माणसांना दुखावतील त्या चारचौघांत उघड करू नयेत. जपणे वेगळे आणि छापणे वेगळे. आणि घरात सांभाळणे शक्य नसेल तर रद्दीवाल्याऐवजी संस्थेची वाट धरावी. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हे काम करीत आहे आणि आपल्याच राज्यात सीतामऊ येथे श्री नटनागर शोध संस्थान आहे.

विश्वस्त मंडळींनी विद्यालयाच्या ग्रंथालयात अशा कागदांच्या प्रतींसाठी एक कपाट राखून ठेवावे आणि मोडी जाणणाऱ्या एखाद्या ज्येष्ठांना महिन्यातून दोनदा शाळेत बोलवावे, अशी आमची सूचना आहे. खर्च फारसा नाही.

विद्यार्थ्यांना या सुटीसाठी एकच काम. घरातील एक जुना कागद शोधा, तो कोणी कोणासाठी लिहिला ते विचारा, आणि त्यावर एक पानभर लिहून आणा. पत्र, पोस्टकार्ड, हिशेबाची वही, पत्रिकेच्या मागे लिहिलेली चार वाक्ये, काहीही चालेल. कागद मूळचा आणू नये, प्रत आणावी. निवडक पाने आम्ही पुढील अंकात देऊ.

आपले,
प्राचार्य